दुःखी अमेरिकन पिक्चर: ओढ कशाची आणि चुकतं कुठे

"एवढं रडकं कशाला बघायचं, आपल्या आयुष्यात टेन्शन कमी आहे का?" असं दुःखी, कॅरेक्टर-ड्रिव्हन अमेरिकन सिनेमांबद्दल कायम विचारलं जातं आणि प्रश्न अजिबात चुकीचा नाहीये. दोन तास एका उद्ध्वस्त माणसासोबत बसायचं, शेवटी त्याचं काही धड होत नाही, आणि तरी लोक हे पिक्चर शोधून शोधून बघतात, एकमेकांना सांगतात, वर्षानुवर्षं त्यावर बोलतात. मला हे सिनेमे मनापासून आवडतात आणि त्यातल्या काहींचा तितकाच रागही येतो, म्हणून दोन्ही बाजू जरा सावकाश सांगतो. पुढे बऱ्याच पिक्चरचे शेवट सांगितलेत, त्याशिवाय हा विषय समजावता येत नाही.

आधी कॅरेक्टर-ड्रिव्हन म्हणजे काय ते बघू. नेहमीच्या गोष्टीत बाहेरून काहीतरी येऊन आदळतं, बॉम्ब, खून, किडनॅपिंग, आणि माणसं त्याच्यामागे धावतात. तिथे हिरो बदलला तरी गोष्ट साधारण तशीच पुढे जाते. कॅरेक्टर-ड्रिव्हन सिनेमात माणूस जसा आहे त्यामुळेच पुढचं सगळं घडतं, त्याच्या जागी दुसरा कोणी ठेवला तर पिक्चर दहा मिनिटांत संपेल.

'मँचेस्टर बाय द सी' घ्या, 2016 चा, केनेथ लोनर्गनने लिहिलेला आणि डिरेक्ट केलेला. ली चँडलर (केसी ॲफ्लेक) बॉस्टनजवळ क्विन्सी नावाच्या गावात बिल्डिंगांची पडेल ती कामं करतो, तुंबलेले संडास, गळके नळ, दारासमोरचा बर्फ उपसणं, आणि तळघरातल्या एका खोलीत एकटा राहतो. त्याचा भाऊ हार्टच्या आजाराने जातो आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं असतं की माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचा, पॅट्रिकचा, पालक ली होईल. म्हणजे लीने आपल्या जुन्या गावात परत येऊन राहायचं. दुसरा कोणताही काका असता तर कुरकुर करत का होईना सामान बांधलं असतं. लीला ते जमतच नाही, आणि का जमत नाही हे बराच वेळ आपल्याला कळू दिलेलं नाहीये. गावातली माणसं त्याचं नाव ऐकून गप्प होतात, कुजबुजतात, एवढंच दिसतं.

मग वकिलाच्या ऑफिसमध्ये, मृत्युपत्र ऐकत असताना, तो खिडकीबाहेर बघतो आणि जुनी रात्र पडद्यावर येते. घरी मित्र जमलेले, दारू झालेली, बायको रँडी सगळ्यांना हाकलते, नंतर ली शेकोटी पेटवतो आणि बिअर आणायला चालत दुकानात जातो, वाटेत त्याला आठवत नाही की शेकोटीपुढची जाळी लावली की नाही, तरी तो पुढे जातो. परत येतो तेव्हा घर पेटलेलं असतं. रँडी वाचते, तिन्ही मुलं जातात. इथे लोनर्गनने जे केलंय ते बघण्यासारखं आहे, तो प्रसंग मोठ्या मेलोड्रामाने सजवायच्या ऐवजी त्यात बारीक, क्षुल्लक वाटतील असे तपशील घातलेत, उदाहरणार्थ रँडीला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना स्ट्रेचरचे पाय नीट मिटतच नाहीत आणि ते लोक खटपट करत राहतात. ज्यांनी हॉस्पिटलमधला एखादा वाईट दिवस पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल, की अशा वेळी जग थांबत नाही, लिफ्ट येत नाही, फॉर्मवर सही राहते, पार्किंगवाला ओरडतो.

नंतर पोलीस स्टेशनमध्ये ली सगळं खरं सांगतो आणि पोलीस म्हणतात, ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता, जाळी लावायला विसरणं हा गुन्हा नाही. त्याला हेच सहन होत नाही. शिक्षा झाली असती तर निदान हिशोब सुरू झाला असता, आता हिशोबच नाही. तो तिथल्याच पोलिसाची बंदूक हिसकावून स्वतःला संपवायला बघतो. या एका सीनमुळे पुढचा मागचा सगळा पिक्चर समजतो, तो खोलीत एकटा का राहतो, बारमध्ये अनोळखी माणसांशी मारामाऱ्या का करतो, बायका बोलायला आल्या तरी मान वर का करत नाही. कोर्टाने दिली नाही ती शिक्षा तो स्वतःच भोगतोय.

आणि शेवटी तो पुतण्याला सरळ सांगतो की मला हे झेपत नाही, यातून मी बाहेर येऊ शकत नाही. बस. हॉलिवूडची स्क्रिप्ट लिहायला शिकवणारे कोर्स सांगतात की पात्राचा आर्क हवा, म्हणजे सुरुवातीला माणूस जिथे असतो तिथून शेवटी बदलून बाहेर आला पाहिजे. इथे बदल जवळपास नाही. पॅट्रिकला ओळखीचं एक कुटुंब दत्तक घेतं, ली बॉस्टनला जाणार असतो आणि तिथे एक जास्तीची खोली असलेलं घर बघणार म्हणतो, म्हणजे पुतण्या कधी आला तर त्याला झोपायला जागा. एका खोलीएवढाच फरक. पण तो फरक खरा वाटतो, कारण आधीचे दोन तास पिक्चरने आपल्याशी लबाडी केलेली नसते.

माझ्या मते या सिनेमांची ओढ ही इथे आहे. लोकांना दुःख बघायला आवडतं असं नाहीये, लोकांना असं कुणीतरी हवं असतं जे दुःखी माणसाला "आता सावर" न म्हणता त्याच्याजवळ बसून राहील. घरात कोणी गेलं की तेराव्यापर्यंत सगळे असतात, नंतर हळूहळू प्रत्येकाला वाटायला लागतं की आता याने नॉर्मल व्हावं, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ज्याचं माणूस गेलंय त्याला ते कळत असतं. असा पिक्चर ती घाई करत नाही. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रापासून करुण रस आहे, शोक हा त्याचा स्थायीभाव, आणि शोक पाहून प्रेक्षकाला आनंद कसा मिळतो यावर मराठी समीक्षेतही भरपूर वाद झालेत. त्यातलं साधारणीकरणाचं उत्तर मला पटतं, म्हणजे ते दुःख माझंही राहत नाही आणि फक्त लीचंही राहत नाही, म्हणून त्याच्याकडे न घाबरता बघता येतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे यात हसू असतं. पॅट्रिकच्या दोन दोन गर्लफ्रेंड आहेत, त्याचा एक बेसूर बँड आहे, थंडीत तो आणि ली गाडी कुठे लावली यावरून भांडतात. वडिलांना पुरायला जमीन गोठलेली आहे म्हणून वसंत ऋतूपर्यंत थांबावं लागणार, तोवर बॉडी फ्रीझरमध्ये, आणि मुलगा हे ऐकून तसा शांत असतो, पण एका रात्री घरातल्या फ्रीझरमधून गोठलेलं चिकन बाहेर पडतं आणि तिथे तो कोसळतो. हे कुणाला विनोदी वाटेल, कुणाला भयंकर, दोन्ही बरोबर.

आता हे सिनेमे अमेरिकेत एवढे का, तर त्याला इतिहास आहे. 1934 पासून हॉलिवूडमध्ये हेज कोड कडकपणे लागू होता, काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, त्यात चुकीचं वागणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे जाता कामा नये असा कल होता. 1968 मध्ये तो कोड जाऊन वयानुसार रेटिंगची पद्धत आली. त्याच सुमारास मोठ्या स्टुडिओंचे महागडे म्युझिकल पडत होते आणि 1969 मध्ये सुमारे चार लाख डॉलरमध्ये बनलेल्या 'ईझी रायडर'ने कोट्यवधी डॉलर कमावले, तेव्हा स्टुडिओवाले म्हणाले, बरं, तरुण पोरांना काय हवं ते बनवू द्या. त्याच निर्मात्यांच्या पैशातून 1970 मध्ये बॉब राफेल्सनचा 'फाइव्ह इझी पीसेस' आला. ही खिडकी फार वर्षं उघडी राहिली नाही, 1975 ला 'जॉज' आणि 1977 ला 'स्टार वॉर्स' असे तुफान चाललेले पिक्चर आल्यावर स्टुडिओंना पैसा कुठे आहे ते कळलं आणि असे सिनेमे हळूहळू छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांकडे आणि सनडान्ससारख्या फेस्टिव्हलकडे सरकले.

'फाइव्ह इझी पीसेस'मध्ये जॅक निकल्सन हा कॅलिफोर्नियात तेलाच्या विहिरींवर काम करणारा बॉबी आहे, पण तो खरा संगीतकारांच्या श्रीमंत घरातला, पियानो शिकलेला, सगळं सोडून आलेला. कशातच त्याचं मन लागत नाही. शेवटी एका पेट्रोल पंपावर तो गरोदर मैत्रिणीला, रेएटला, पाकीट देतो, स्वतःचं जॅकेटही मागे ठेवतो आणि उत्तरेला जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसून निघून जातो. ती तिथेच मागे राहते. या शेवटाने अमेरिकन सिनेमाला एक साचाच दिला, अस्वस्थ पुरुष, ज्याला काय हवं ते माहीत नाही, फक्त इथे राहायचं नाही एवढं माहीत आहे.

आता त्याच वर्षी, 1970 मध्येच, बार्बरा लोडनने 'वांडा' लिहिला, डिरेक्ट केला आणि त्यात मुख्य काम केलं. पेनसिल्व्हेनियातला कोळशाच्या खाणींचा भाग, एक बाई कोर्टात उशिरा पोचते आणि जजला सांगते की मुलं नवऱ्याकडेच बरी राहतील, मग इकडे तिकडे भटकत एका दरोडेखोराच्या मागे लागते. लोडनला ही कल्पना एका बातमीवरून सुचली होती, शिक्षा झालेल्या एका बाईने जजचे आभार मानले होते. म्हणजे वांडाही सगळं सोडून जाते, पण तिच्या जाण्यात निकल्सनसारखी झिंग नाही, तिला कुठे पळायची ऐटच परवडत नाही, कुणीही जेवू घातलं की ती त्याच्यासोबत. 16 एमएमच्या छोट्या, स्वस्त फिल्मवर, अगदी कमी पैशात केलेला पिक्चर, व्हेनिस फेस्टिव्हलला बक्षीस मिळालं, तरी अमेरिकेत जेमतेम लागला. लोडन 1980 मध्ये गेली, दुसरी फीचर फिल्म तिला करायलाच मिळाली नाही. आज लोक 'वांडा'ला मोठा सिनेमा म्हणतात, पण मधली कित्येक वर्षं तो जवळजवळ गायब होता.

हे दोन पिक्चर लागोपाठ पाहिले की या प्रकारातला एक मोठा दोष आपोआप दिसतो: पुरुषाची उदासी म्हणजे आयुष्याचा प्रश्न आणि बाईची उदासी म्हणजे बाईचा काहीतरी प्रॉब्लेम. पुरुषाचं दुःख मध्यभागी असतं आणि आजूबाजूच्या बायका ते ऐकायला, झेलायला आणि शेवटी मागे राहायला असतात. 'मँचेस्टर'सुद्धा यातून पूर्ण सुटत नाही. रँडीचीही तीच तीन मुलं गेली आहेत. रस्त्यावर बाबागाडी घेऊन ती लीला भेटते आणि रडत रडत माफी मागते, तो सीन माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात जबरदस्त सीन आहे, मिशेल विल्यम्सने त्यात जीव ओतलाय, आणि तरीही तिला एकूण मिळालेला वेळ मोजक्या मिनिटांचा. ती परत कशी उभी राहिली, दुसरं मूल जन्माला घालायची हिंमत कुठून आणली, हा माझ्या मते लीच्या कथेइतकाच मोठा पिक्चर होता, तो कुणी बनवला नाही.

दुसरा दोष जास्त ढोबळ आहे आणि तो सगळ्यात जास्त फसवतो. दुःख रचत जायचं. एकावर एक, एकावर एक, आणि प्रेक्षक सुन्न झाला की त्यालाच खोली समजायचं. डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' (2000) कितीजणांना आयुष्यातला सगळ्यात हादरवणारा पिक्चर वाटतो, आणि कारागिरी म्हणून तो आहेही, ते झटपट कट, ते चढत जाणारं संगीत. एलेन बर्स्टिनची सारा, टीव्हीवर जायचं म्हणून बारीक व्हायच्या गोळ्या घेणारी एकटी म्हातारी, ती मुलाला सांगते की आता सकाळी उठायला काहीतरी कारण आहे, तेव्हा घशात येतं. पण शेवटच्या भागात चारही पात्रांची वाट एकाच वेळी, एकाच तालावर लावली जाते आणि मला तिथे माणसं दिसेनाशी होतात, फक्त मशीन दिसतं. त्याचाच 2022 चा 'द व्हेल' बघा. साधारण 270 किलोचा, घराबाहेर न पडणारा इंग्लिशचा शिक्षक, ब्रेंडन फ्रेझरला ऑस्करही मिळालं आणि त्याचे डोळे त्या सगळ्या नकली शरीरातूनही बोलतात हे मान्य. पण तो खायला लागला की कॅमेरा आणि संगीत मिळून भीतीचा सीन उभा करतात, म्हणजे तोंडाने पिक्चर म्हणतो याच्यावर माया करा आणि डोळ्यांनी म्हणतो बघा कसा खातोय. जाड लोकांनी यावर जो राग व्यक्त केला तो मला बरोबर वाटतो.

मी एक साधी कसोटी लावतो. या माणसाच्या आयुष्यात काहीच वाईट न घडणारा एक दिवस पिक्चरमध्ये आहे का, आणि त्या दिवशी तो कसा असेल हे मला सांगता येतं का? लीचं येतं, भावाबरोबर बोटीवर छोट्या पुतण्याला चिडवणारा ली आपण पाहिलेला असतो. आणि गंमत म्हणजे ॲरोनॉफ्स्कीलाही हे येतं, 'द रेसलर' (2008) मध्ये मिकी रूर्कचा म्हातारा झालेला पैलवान सुपरमार्केटमध्ये काउंटरवर सॅलड आणि मांसाचे काप विकायला उभा राहतो, सुरुवातीला कानकोंडा असतो आणि मग गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करत खुलतो, पाच मिनिटं आपल्याला वाटतं की हा माणूस इथे सुखी होऊ शकला असता. म्हणूनच पुढे जे होतं ते लागतं. ज्याचं सुख आपल्याला माहीतच नाही त्याचं दुःख फक्त बघायची वस्तू होते.

तिसरा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो, पैशाचा प्रश्नच गाळून टाकण्याचा. अमेरिकन सिनेमाला प्रत्येक गोष्ट मनाच्या जखमेवर आणून सोडायची सवय आहे. माणूस बेघर का, तर त्याच्या आत काहीतरी तुटलंय. घरभाडं, औषधोपचाराचं बिल, बंद पडलेली फॅक्टरी हे मागे पडद्यासारखं लटकत राहतं. 'नोमॅडलँड' (2020) चं उदाहरण देतो. नेवाडातल्या एम्पायर नावाच्या गावात जिप्समचा कारखाना 2011 मध्ये बंद झाला आणि गावच संपलं, त्याचा पिनकोडसुद्धा रद्द झाला, पिक्चर इथून सुरू होतो. ज्या पुस्तकावर तो आधारलाय ते एका पत्रकार बाईचं आहे, म्हातारी माणसं व्हॅनमध्ये राहून ॲमेझॉनच्या गोडाउनमध्ये कशी राबतात याची ती पाहणी होती आणि त्यात राग होता. पिक्चरमध्ये ते गोडाउन म्हणजे बऱ्यापैकी पगार आणि चांगल्या मैत्रिणी. पिक्चरची नायिका फर्न भटकते ती मुख्यतः नवऱ्याच्या आठवणीमुळे आणि स्वभावामुळे असं वाटायला लागतं. फर्न झालेल्या फ्रान्सिस मॅकडॉरमंडचं काम सुंदर आहे, खरेखुरे व्हॅनवासी त्यात आहेत, डिरेक्टर क्लोई झाओला माणसं बघता येतात, पण म्हातारपणी पेन्शन पुरत नाही हा प्रश्न संध्याकाळच्या केशरी उजेडात विरघळून जातो.

याच्या उलट केली रायकार्टचा 'वेंडी अँड लूसी' (2008), जो मला या सगळ्यात सर्वात जवळचा आहे. वेंडी (परत मिशेल विल्यम्स, केस कापलेली, मेकअप नाही) इंडियानाहून जुन्या होंडा गाडीतून अलास्काला कामासाठी निघालीय, सोबत कुत्री लूसी. ओरेगनमधल्या एका गावात गाडी बंद पडते. तिच्याकडे थोडेच पैसे आहेत आणि वहीत ती पैन्‌पैचा हिशोब लिहिते. ती कुत्रीसाठी खाणं चोरताना पकडली जाते, दुकानातला एक पोरगा मॅनेजरला सुनावतो की ज्याला खाऊ घालता येत नाही त्याने कुत्रं पाळू नये. पोलीस, 50 डॉलर दंड, आणि ती परत येते तोवर लूसी गायब. एवढीच गोष्ट, सुमारे 80 मिनिटं. वेंडीचा भूतकाळ जवळजवळ सांगितलाच नाहीये आणि तो लागतही नाही, कारण तिचं जे बिघडतं ते मनातून नाही, खिशातून बिघडतं. दंड भरला म्हणून गाडीचे पैसे कमी, गाडी नाही म्हणून झोपायला जागा नाही, पत्ता नाही म्हणून नोकरी नाही. पार्किंगमधला म्हातारा वॉचमन तिला हेच समजावतो, की पत्ता असल्याशिवाय पत्ता मिळत नाही आणि नोकरी असल्याशिवाय नोकरी. अमेरिकेतल्या कतरिना वादळानंतर गरिबांनी स्वतःचं स्वतः का नाही निभावलं असं जे बोललं गेलं त्यातून हा पिक्चर सुचल्याचं रायकार्टने सांगितलंय, आणि तो अमेरिकेत लागला तेव्हा 2008 ची मंदी आलेली होती. इथे दुःख वरून कुणी ओतलेलं नाही, प्रत्येक पायरी कशी निसटली ते आपण स्वतः बघतो, आणि त्यामुळे शेवट बघून फक्त रडू येत नाही, संतापही येतो.

काळ्या माणसांच्या बाबतीत तर हा सगळा हिशोब आणखी वेगळा आहे. चार्ल्स बर्नेटने 'किलर ऑफ शीप' लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात विद्यार्थी असताना शूट केला, मेंढ्यांच्या कत्तलखान्यात काम करून थकलेला स्टॅन, त्याला झोप येत नाही, बायकोशी बोलावंसं वाटत नाही. 1970 च्या दशकातला हा सिनेमा त्यातल्या गाण्यांच्या हक्कांमुळे अडकला आणि थिएटरमध्ये नीट लागायला 2007 उजाडलं. एकाचा थकवा महान अभिनय म्हणून ऑस्करला जातो आणि दुसऱ्याचा तीस वर्षं कपाटात, हे नुसतं गाण्यांच्या हक्कांचं कारण मला पुरेसं वाटत नाही.

ऑस्करचा विषय निघालाच आहे तर, हे सिनेमे आजही बनतात त्यामागे बक्षिसांचा मोठा हात आहे. मोठे नट कमी पैशात काम करतात कारण अशा भूमिकेला नॉमिनेशन मिळतं, आणि नॉमिनेशन मिळालं की पिक्चर विकला जातो. 'मँचेस्टर' साधारण 90 लाख डॉलरमध्ये बनला, सनडान्सला ॲमेझॉनने एक कोटी डॉलरला घेतला, ॲफ्लेकला आणि लोनर्गनच्या पटकथेला ऑस्कर मिळालं, जगभरात सात कोटींच्या वर धंदा झाला. चांगलंच आहे, नाहीतर हे बनलेच नसते. पण यामुळे वजन वाढवणं, वजन घटवणं, किंचाळणं, नाक गळेपर्यंत रडणं याला जास्त भाव येतो आणि वेंडीसारखं काम, जिथे नटी जवळजवळ काहीच 'करत' नाही, त्याला ऑस्करला कुणी विचारत नाही. विल्यम्सला त्यासाठी नॉमिनेशनही नव्हतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर मी 'वेंडी अँड लूसी'ने करा म्हणेन, लहान आहे आणि कुठेही छळत नाही. मग 'द रेसलर'. 'फाइव्ह इझी पीसेस' आणि 'वांडा' शक्यतो त्याच आठवड्यात, आधी तो आणि मग ती. 'मँचेस्टर' सगळ्यात शेवटी, आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल, विशेषतः लहान मूल, तर आत्ता नकोच, एकदोन वर्षांनी बघा, आणि बघाल तेव्हा सोबत असा माणूस असू दे ज्याच्याशी नंतर अर्धा तास काहीही न बोलता बसता येईल.